टूरवरचं जेवण

भीमराज खरात स्वयंपाक शिकला तो छत्तिसाव्या वर्षी, आणि तोही नाइलाजाने. त्याची बायको नंदा सरकारी नर्स होती. शहाऐंशीच्या पावसाळ्यानंतर तिला लसीकरणाच्या कामावर घेतलं. ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या गावोगावच्या नर्सबायांना नव्या लशी बर्फात कशा ठेवायच्या, कुणाला कधी टोचायच्या, हे शिकवायचं काम. महिन्यातून दोनदा, सोमवारी सकाळी सरकारी जीप घाटकोपरच्या हायवेला येऊन थांबायची आणि नंदा थेट गुरुवारी संध्याकाळी परत यायची. मागे पंतनगरच्या दोन खोल्यांत राहायचे भीमराज, नऊ वर्षांची उत्तरा आणि भीमराजची आई सुंदराबाई. सुंदराबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि मनगट मोडल्यापासून तिला पीठ मळवत नव्हतं. म्हणजे चुलीपाशी उरला भीमराज.

तो घाटकोपर स्टेशनजवळच्या एका छापखान्यात कंपोझिटर होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांची पत्रकं. दिवसभर एकेका अक्षराचे शिशाचे खिळे उचलून ओळी जुळवायच्या. साडेपाचला सुटला की तो भाजी घेऊन घरी यायचा, हाताची शाई रॉकेलने पुसून मग साबणाने धुवायचा आणि गॅसपाशी उभा राहायचा. सुंदराबाई कॉटवरून सांगायची. फोडणीचा वास आला की तिला कळायचं लसूण किती झालाय. "आता टाक डाळ," ती म्हणायची, आणि तो टाकायचा.

पहिल्या भाकरीचे तीन तुकडे झाले. पण बोटांना बारीक कामाची सवय होती, त्यामुळे डिसेंबरपर्यंत हात बसला. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी आणि वर लसणाची चरचरीत फोडणी, पिठलं आणि ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, कधी तव्यावर भाजलेला बोंबील आणि कांदा. एवढंच त्याला यायचं, पण जे यायचं ते छान यायचं. साडेसातला तिघं जमिनीवर बसून जेवायची. उत्तरा ताट बोटाने निपटून घ्यायची. सुंदराबाई म्हणायची, तुझ्या बापाला पानी तापवायचं ठावं नव्हतं, अन तू असला कसा निपजलास. भीमराजला ते ऐकून फार बरं वाटायचं. छापखान्यात त्याने जुळवलेल्या ओळींखाली त्याचं नाव कधी नसायचं. ही खिचडी मात्र त्याची होती.

अडचण गुरुवारी व्हायची.

गुरुवारी नंदा घरी आली, अंघोळ करून ताटावर बसली की उत्तरा तिला चिकटून विचारायची, "आई, काय काय खाल्लंस?" आणि नंदा सांगायला लागायची. मुरबाडच्या पुढे एका फाट्यावरून सहा मैल आत रुक्मिणीबाई म्हणून एक बाई खानावळ चालवते. चुलीवरची तांदळाची भाकरी, पापुद्रा असा की वाफेने बोट भाजतं. वालाचं बिरडं. गावठी कोंबडीचा रस्सा, तोही पाट्यावर वाटलेल्या मसाल्याचा. घोटीच्या अलीकडे एक म्हातारा सकाळी फक्त दोन तास भजी तळतो आणि दुकान बंद करतो. शहापूरजवळ एका घरी दही मिळतं, सुरीने कापावं असं. नंदा सांगताना हात हलवायची, डोळे मिटायची. दिसायला ती साधी बाई, पण त्या वेळी तिचा चेहरा उजळून निघायचा. समोरच्या ताटात भीमराजची खिचडी निवत असायची.

सुंदराबाईचा प्रश्न वेगळाच असायचा. "कुनाच्या घरी जेवलीस गं? वाढलं कशात?"

"ताटात, आई. पाटावर बसवून," नंदा म्हणायची.

सुंदराबाई समाधानाने मान हलवायची. नगर जिल्ह्यातल्या तिच्या गावात तिच्या नवऱ्याला दिवसभराच्या लाकूडफोडीनंतर वरून भाकरी टाकायचे, ती त्याला धोतरात झेलावी लागायची. सुनेला पाटावर बसवून वाढतात, हे ती दुसऱ्या दिवशी शेजारणींना सांगत बसायची.

भीमराजच्या कानात मात्र वेगळंच काही अडकून राहायचं. प्रत्येक गोष्टीत एक नाव यायचं. काशीरामभाऊ म्हणाले इकडून जाऊ. काशीरामभाऊंना ते भजीवाले ओळखतात. काशीरामभाऊंनी माझ्यासाठी कुरकुरीत भाकरी बाजूला ठेवायला सांगितली. काशीराम जीपचा ड्रायव्हर. भीमराजने त्याला कधी पाहिलं नव्हतं, कारण जीप यायच्या आधीच तो छापखान्यात गेलेला असायचा. न पाहिल्यामुळे त्याने आपला एक काशीराम तयार केला होता. जाड मिशीचा, चाळिशीच्या आतला, एका हाताने स्टिअरिंग धरणारा. एकदा त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, काय वय असेल त्याचं. नंदा हसली आणि म्हणाली, मी कशाला विचारू. त्या हसण्यावर तो दोन दिवस विचार करत राहिला.

त्याचं त्याला कळत नव्हतं की तो जळतोय ते नक्की कशावर. त्या माणसावर, की त्या कोंबडीवर. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. वर्षातून एकदा एसटीने गावी जाणं सोडलं तर तो कुठे गेला नव्हता. नंदाला नोकरी लागली तेव्हा आपल्या पगारातून त्याने तिला दादरला नेऊन मसाला डोसा खायला घातला होता, आणि तेव्हा तिचा चेहरा असाच दिसला होता. तो चेहरा आपण आणला होता. आता दुसरंच कुणी तो आणतंय आणि ती घरी येते ती त्याचं वर्णन सांगायला.

जानेवारीत एका गुरुवारी त्याने ठरवलं की आज आपण काय करतो ते दाखवायचं. छापखान्यातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन त्याने मटण आणलं. आईला विचारून खोबरं भाजलं, कांदा भाजला, सगळं पाट्यावर वाटलं. वाटताना खांदे भरून आले. उत्तरा दोनदा येऊन पातेल्यावरचं झाकण उचलून गेली.

नंदा आली ती थकून. धुळीने केस पांढरे झाले होते. वास येताच ती म्हणाली, अरे वा, आज काय आहे. मग ताट पुढे आल्यावर तिने दोन घास खाल्ले आणि थोडं ओशाळून म्हणाली, "खूप छान झालंय हो. पण आज पोट जड आहे. तुमची खिचडी असती ना, तर बरं वाटलं असतं."

भीमराज म्हणाला, "म्हणजे मजा बाहेर आणि पथ्य घरी."

तिला वाटलं तो गमतीने म्हणतोय. त्याच्या तोंडाकडे पाहिल्यावर तिचं हसू थांबलं. तिने ताटातलं सगळं संपवलं, आणखी एकदा वाढून घेतलं, आणि त्याला याच गोष्टीचा जास्त राग आला.

पुढच्या टूरवरून येताना तिने एक लहानशी बरणी आणली. रुक्मिणीबाईने दिलेला लाल मिरचीचा ठेचा. काशीरामभाऊंनीच आठवण करून दिली म्हणे, घरी मुलीसाठी घ्या म्हणून. त्या रात्रीच्या खिचडीबरोबर उत्तराने बोटभर ठेचा घेतला, सी-सी करत पाणी प्याली, पुन्हा घेतला आणि म्हणाली, "बाबा, आज तुमच्या खिचडीला चव आली."

कुणी काही वाईट म्हटलं नव्हतं. मुलीने तर कौतुकच केलं होतं. भीमराज उठला, हात धुतले आणि बाहेर कठड्याशी जाऊन उभा राहिला. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. त्याला आत जावंसंच वाटेना.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तेव्हा त्याने खिळे जुळवायची स्टिक हातात घेतली आणि आठ ओळी जुळवल्या. लसीकरणाच्या कामाला दिलेली सरकारी जीप ड्रायव्हर काशीराम हा ठरलेल्या रस्त्यावरून न नेता आडबाजूच्या खानावळींत जेवायला नेतो, मुरबाडजवळच्या फाट्यावरून तर सहा-सहा मैल आत जातो, सरकारी पेट्रोलची उधळपट्टी होते, चौकशी व्हावी. खाली, एक नागरिक. हाताने लिहायचं धाडस त्याला झालं नाही. अक्षर कुणी ओळखलं तर. त्याने शाई लावून एकच कागद काढला आणि सगळे खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकले. स्टिक रिकामी झाल्यावर वाटलं, जणू काही घडलंच नाही. संध्याकाळी नंदाच्या ऑफिसचा पत्ता घातलेलं पाकीट त्याने स्टेशनजवळच्या पेटीत टाकलं. घरी जाताना त्याने मेथी घेतली. मन हलकं झालं होतं, हे त्याला नंतर पुष्कळ दिवस आठवत राहिलं.

तीन आठवडे काही झालं नाही. मग एका मंगळवारी नंदा टूरवर असायला हवी होती ती दुपारीच घरी आली. भीमराज कामावरून परतला तेव्हा ती कॉटवर सासूशेजारी नुसती बसली होती. टूर अर्ध्यावर रद्द करून त्यांना ऑफिसात परत बोलावलं होतं. काशीरामवर तक्रार आली होती. त्याला जीपवरून काढून ऑफिसात बसवलं होतं आणि नंदाकडून लेखी खुलासा मागितला होता, की जीप आडरस्त्याला जाते हे खरं की खोटं.

"मग काय लिहिलंस?" भीमराजने विचारलं.

"खरं आहे असं लिहिलं. जाते. माझ्यासाठी जाते."

नंदा त्याच्याकडे बघत नव्हती. तिने सुंदराबाईचा हात हातात घेतला आणि सांगायला सुरुवात केली, जणू ती सासूलाच सांगत होती.

पहिल्याच टूरला एका मोठ्या गावात जेवणाची सोय तिथल्या एका बड्या घरी केली होती. डॉक्टर, दोन नर्सबाया, नंदा आणि काशीराम. घरच्या बाईने दारातच तिचं आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग आत गेली. थोड्या वेळाने पानं मांडली गेली तेव्हा सगळ्यांची आत, आणि एक बाहेर ओटीवर, चपलांच्या शेजारी. डॉक्टर पानाकडे बघत राहिले. नंदाने सांगितलं, माझं पोट दुखतंय, मी जेवत नाही, आणि ती जीपमध्ये जाऊन बसली. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पाच मिनिटांत काशीराम हात धुवून बाहेर आला. तो अर्ध्या जेवणावरून उठला होता. त्याने काही विचारलं नाही, काही समजावलं नाही. टपरीवरून चार केळी आणून तिच्या बाजूला ठेवली आणि बाहेर बोनेटला टेकून बिडी ओढत उभा राहिला. संध्याकाळी काम संपल्यावर त्याने सरळ जीप फाट्यावरून आत घातली आणि रुक्मिणीबाईच्या खानावळीशी थांबवली. रुक्मिणीबाईने नाव विचारलं, आडनाव विचारलं नाही. चुलीशेजारी पाट टाकला आणि पहिली भाकरी नंदाच्या ताटात टाकली.

"तेव्हापासून ते आधीच सांगतात," नंदा म्हणाली. "गाव आलं की म्हणतात, सिस्टर, इथे तुमचं पोट बिघडलंय बरं का. मग मी म्हणते, हो, बिघडलंय. आणि आम्ही दुसरीकडे जेवतो."

सुंदराबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिला तसंही नेहमी पाणी यायचं. तिने विचारलं, "मला का नाही सांगितलंस, बाई?"

"तुम्ही विचारत होतात, ताटात वाढलं का. मी खोटं नाही बोलले. जिथे ताटात वाढलं तेवढंच सांगितलं." मग ती जरा थांबून म्हणाली, "बाहेर जे होतं त्यातलं घरात काय आणायचं ते मी ठरवते."

भीमराज दाराशी उभा होता. हे सगळं ऐकून माणसाच्या मनात दुसरं काही यायला हवं होतं. त्याच्या वडिलांची आठवण यायला हवी होती, त्या बड्या घराचा संताप यायला हवा होता. तो संताप आला, पण नंतर. आधी आलं ते हे, की तिचं उपाशी राहणं काशीरामला माहीत होतं आणि आपल्याला नव्हतं. त्याची त्यालाच लाज वाटली, तरी ते आलंच.

त्या दिवशी त्याला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो नेहमीसारखा स्वयंपाक करत होता, पण एकदा आमटीत मीठ दोनदा पडलं आणि एकदा पडलंच नाही. नंदा निमूट जेवत होती. तिने टूरचं एक अक्षर काढलं नाही आणि उत्तरानेही काही विचारलं नाही.

शेवटी रविवारी, छापखान्यात जादा काम आहे असं सांगून तो वाकोल्याला गेला. काशीरामचा पत्ता त्याने नंदाच्या डायरीतून उतरून घेतला होता. नाल्याच्या कडेची बैठी चाळ, शेवटची खोली. दारात तुळशीचा डबा आणि आत स्टुलावर बसून बूट पॉलिश करणारा एक माणूस. पंचावन्नच्या आसपासचा, बारीक, डोक्यावर केस जवळजवळ नाहीत, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा. भीमराजने विचारलं, काशीराम गावडे इथेच राहतात का. तो म्हणाला, मीच.

खरात सिस्टरांचे मिस्टर म्हटल्यावर घरात धावपळ झाली. काशीरामची बायको जानकी बाहेर आली, जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणाली. दुपारची वेळ होती, नाही म्हणायला काही कारण सापडेना. दोन पाट शेजारी शेजारी मांडले. उकडा भात, बांगड्याची आमटी, तव्यावर परतलेल्या वालीच्या कोवळ्या शेंगा. जानकी वाढत होती. "वाईच भात घ्या ना. सिस्टरांचा नाव घरात रोज निघता," ती म्हणाली. तिने सांगितलं की नोकरीची तीनच वर्षं उरली आहेत आणि तीस वर्षांत यांच्यावर कधी डाग आला नव्हता, म्हणून हल्ली त्यांना झोप लागत नाही. काशीरामने तिला नजरेने गप्प केलं.

आमटी फार सुरेख झाली होती. भीमराजचा घास तोंडात फिरत राहिला. त्याने हात ताटात तसाच ठेवला आणि मान खाली घालून म्हणाला, "ती तक्रार मी केली. ते पत्र माझं आहे."

जानकी पळी हातात घेऊन उभी राहिली. काशीराम एक घास चावत होता तो त्याने गिळला. बाहेर नळावर बायकांचं काहीतरी चाललं होतं ते ऐकू येत होतं.

"का?" त्याने विचारलं.

भीमराजला नीट सांगता येईना. ती घरी येऊन सांगायची, हे खाल्लं, ते खाल्लं, काशीरामभाऊंनी नेलं. मला सहन होईना. एवढंच तो म्हणाला.

काशीरामने त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या ताटाकडे. "मला पोरगी असती तर सिस्टरांएवढी असती," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण त्यात माया नव्हती. "जेवून घ्या. ताटावरनं उठायचं नाही आमच्यात. आणि मला सांगून काय उपयोग? बाईंना सांगा."

भीमराजने ताटातलं सगळं संपवलं. तेवढं अवघड जेवण तो आयुष्यात जेवला नव्हता. निघताना जानकी दारापर्यंत आली नाही.

त्याच संध्याकाळी उत्तरा खाली खेळायला गेल्यावर त्याने नंदाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"पाच दिवस लागले तुम्हाला," ती म्हणाली.

त्याला समजेना. तिने सूप खाली ठेवलं. "साहेबांनी मला पत्र दाखवलं. छापलेलं. असं छापून तक्रार कोण करतं? आणि टाइप मला माहीत नाही का? उत्तराच्या वाढदिवसाची कार्डं त्याच टाइपात काढली होती तुम्ही. फाट्यावरून सहा मैल आत, हे मी घरात सोडून कुणाला सांगितलं होतं? मी त्याच दिवशी ओळखलं. म्हणून सगळं सांगितलं तुमच्यासमोर. म्हटलं, आता तरी बोलतील."

कॉटवर सुंदराबाई जागीच होती. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

नंदाने उत्तराच्या दप्तरातून वही काढली, मधलं कोरं पान फाडलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. "आता हाताने लिहा," ती म्हणाली. "आणि खाली नाव घाला."

पत्र घेऊन तो स्वतः तिच्या ऑफिसात गेला. साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. मग बाजूच्या टेबलावरच्या माणसाला बोलावून त्यालाही वाचायला दिलं. दोघं हसले. घरची भांडणं सरकारी टपालात घालू नका, असं साहेबांनी त्याला ऐकवलं आणि अर्धा तास उभं ठेवलं. आठवडाभरात ही गोष्ट नंदाच्या ऑफिसात सगळ्यांना कळली. कुणीतरी तिच्या टेबलावर छपाईच्या खिळ्याचं चित्र काढलेला कागद ठेवला. तिने तो चुरगळून टाकला आणि घरी सांगितलंही. आता ती वाईटही सांगत होती. भीमराजला ते ऐकून घ्यावं लागे.

मार्च संपता संपता काशीरामला जीप परत मिळाली. ठरलेल्या रस्त्यावरूनच जायचं, अशी लेखी ताकीद मिळाली होती. नंदा पहिल्या टूरवरून आली तेव्हा तिने सांगितलं की काशीरामभाऊ एक फर्लांगही इकडेतिकडे होत नाहीत. फाटा आला की गाडीचा वेग वाढवतात. बड्या घरांच्या गावी ती दोघं गाडीतच बसून बिस्किटं खातात. रुक्मिणीबाईने कुणाकडून तरी निरोप धाडला होता, सिस्टर रागावल्या का.

भीमराजने वाईट वाटून घेतलं नाही असं नाही. पण वाईट वाटून कुणाचं पोट भरत नाही, हे सुंदराबाई म्हणाली ते खरं होतं. तिनेच त्याला सांगितलं, परवासाला दशमी. ज्वारीचं पीठ पाण्याऐवजी दुधात मळायचं, चिमूटभर गूळ, चिमूटभर मीठ. तीन दिवस मऊ राहते. सोबत तेलावरची लसणीची चटणी आणि परतलेली सुकी भेंडी.

पुढच्या टूरच्या सोमवारी तो पहाटे चारला उठला. पहिल्या दोन दशम्या करपल्या, त्या त्याने स्वतःसाठी ठेवल्या. मग बारा नीट झाल्या. त्या त्याने धुतलेल्या फडक्यात दोन वेगळ्या पुरचुंड्यांत बांधल्या. छापखान्यात तासभर उशिरा येईन असं त्याने आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. तो नंदाबरोबर हायवेपर्यंत चालत गेला. जीप आली. काशीरामने त्याला पाहिलं, मान हलवली, पण खाली उतरला नाही. भीमराजने एक पुरचुंडी नंदाच्या हातात दिली आणि दुसरी पुढच्या खिडकीतून आत धरली. काशीराम क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने ती घेतली आणि बाजूच्या सीटवर, बर्फाच्या पेटीला लागू नये अशी सरकवून ठेवली. जीप निघून गेली.

गुरुवारी नंदा आली. अंघोळ झाली, ताटं मांडली, खिचडी वाढली. ती आपणहून बोलायला लागली. कसाऱ्याच्या खाली रस्त्याच्या कडेला एक मोठं जांभळाचं झाड आहे, ठरलेल्याच रस्त्यावर. तिथे सावलीत जीप लावली. काशीरामभाऊंनी पुरचुंडी सोडली, वास घेतला, एक तुकडा मोडला. कोकणातल्या माणसाला ज्वारी कशी आवडणार, असं तिला वाटलं होतं. त्यांनी तीन खाल्ल्या. शेवटच्या दशमीने चटणीचं फडकं पुसून घेतलं.

"काही म्हणाले?" भीमराजने विचारलं.

"तुमच्याबद्दल काही नाही म्हणाले. चटणीत लसूण थोडा जास्त भाजा म्हणाले."

काशीरामला दशमी आवडली हे ऐकून भीमराजला बरं वाटलं. ती दोघं सावलीत बसून निवांत जेवली, वारा होता, पलीकडे डोंगर दिसत होता, हे ऐकून पोटात थोडं दुखलंही. तेही खरं होतं. त्याने नंदाच्या ताटात खिचडीवर आणखी एक चमचा फोडणी घातली आणि किती भाजायचा लसूण, नीट सांग, असं तो म्हणाला.